हिरवट फळीचं मूळ देहरादूनला

अमेरिकेत घरामागच्या अंगणात, जमिनीपासून कधी हातभर तर कधी पुरुषभर उंचीवर लाकडी डेक असतो. न्यू जर्सीत मुलाकडे राहून आलेल्या आईवडिलांना तो चांगला ठाऊक असतो. उन्हाळ्यात संध्याकाळचा चहा तिथेच होतो. पुढच्या वेळी गेलात तर पायऱ्या उतरून खाली जा आणि डेक ज्या खांबांवर उभा आहे ते जवळून बघा. लाकडावर बऱ्याचदा हिरवट झाक दिसेल. ते शेवाळ नसतं, तांबं असतं.

तांब्याचे क्षार लाकूड टिकवतात हे जुन्या लोकांनाही माहीत होतं, पण पाऊस पडला की ते धुऊन जायचे. ते लाकडात पक्के बसवायचे कसे, याचं उत्तर 1933 साली सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काढलं. तांब्याने बुरशी आवरते, आर्सेनिकने वाळवी, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवतं. लाकूड पोलादी टाकीत घालून आधी त्यातली हवा ओढून घ्यायची, मग दाबाखाली द्रावण आत सोडायचं. लाखो घरांचे डेक या युक्तीवर उभे राहिले! आर्सेनिकच्या धास्तीने 2003 अखेर अमेरिकेत घरगुती कामासाठी हे मिश्रण वापरणं थांबलं. आता तांब्याचीच दुसरी मिश्रणं वापरतात आणि त्यांत तांबं जास्त असतं. म्हणून साधा स्क्रू तिथे लवकर गंजतो. ओल्या लाकडातलं तांबं लोखंडाला आणि जस्ताला खातं. महागड्या फळीला स्वस्त स्क्रू लावून वाचवलेले पैसे डेक डुगडुगायला लागला की दुपटीने जातात. स्टेनलेस स्टीलच घ्यावं.

पण द्रावण पाजायला बहुतेक पाइनचंच लाकूड का घेतात? झाडाच्या बुंध्यात सालीलगतचा पांढुरका भाग जिवंतपणी पाणी वाहून नेतो, म्हणून त्याच्या वाटा मोकळ्या असतात. त्याच वाटांनी बुरशी शिरते आणि त्याच वाटांनी औषधही. पाइनमध्ये हा भाग भरपूर असतो. सागाची गोष्ट उलटी. झाड वाढतं तसा आतला भाग पाणी वाहणं थांबवतो आणि झाड त्यात तेलकट, बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं साठवतं. तोच सोनेरी-तपकिरी गाभा. त्यात औषध जेमतेम शिरतं आणि त्याची गरजही नसते. झाडाने ते काम उभ्या आयुष्यात स्वतःच केलेलं असतं. वखारीत साग घेताना म्हणूनच नुसतं नाव ऐकून भागत नाही. फळीची कड पांढुरकी असेल तर तेवढी पट्टी सागाची असूनही कुजणार.

सागाचा पुरावा पाण्यावर तरंगतोय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही पाहता येते.

लाकूड पाण्याने मरतं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असला की बुरशीचं काही चालत नाही. आणि लाकूड पूर्ण बुडालेलं असलं तरी चालत नाही, कारण बुरशीला हवाही लागते. तळ्याच्या गाळात शतकानुशतकं पडलेले ओंडके धड निघतात ते याचमुळे. ओल आणि हवा दोन्ही जिथे भेटतात तिथेच घात होतो. खांब कुजतो तो नेमका जमिनीच्या पातळीवर. उन्हाचं भय मात्र फाजील आहे. ऊन लाकडाला राखाडी करतं, पण पाइनसारख्या मऊ लाकडाचीही झीज शंभर वर्षांत 6 मिलिमीटरच्या आसपास होते.

लाकडाचा भुगा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या फळ्या, ज्यांना दुकानात डब्ल्यूपीसी म्हणतात, आता आपल्याकडेही मिळतात. त्यांची चाल अस्सल लाकडाच्या अगदी उलट आहे. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. ही फळी उन्हात लांबीला वाढते, चार मीटरमागे काही मिलिमीटर. म्हणून लाकडी फळ्यांमध्ये बाजूला फट ठेवायची, इथे टोकांनाही. शिवाय प्लॅस्टिक सततच्या वजनाखाली अतिशय हळू वाहतं. अशा फळ्यांना खालचे आधार कमी अंतरावर द्यावे लागतात, आणि त्यांचे खांब किंवा तुळया कधीच करू नयेत. भर दुपारी त्यांवर अनवाणी उभं राहवत नाही, हेही आधी सांगायला हवं.

रत्नागिरीकडे, जिथे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे डेक करायचा तर मी वर सागाचा निव्वळ गाभा घेईन आणि खाली जस्त चढवलेलं लोखंड. वरच्या फळ्यांत 5-6 मिलिमीटरची फट, आणि खालून वारा खेळेल इतकी उंची. खांब लाकडीच हवे असतील तर ते मातीत पुरू नयेत; काँक्रीटच्या बैठकीवर लोखंडी बूट बसवून बोटभर वर उचलून धरावेत. फळी कापली की कापलेलं टोक त्याच दिवशी मेणाने बंद करावं. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडतात, आणि फळी बाजूंनी पिते त्याच्या कितीतरी पट पाणी त्या टोकातून ओढते.