गळ्यातली चेन आणि सामन्याचं टाइमटेबल

बाहेरगावी कुणाला "मी येवल्यात शिकतो" असं सांगितलं की समोरचा आधी पैठणीचा भाव विचारतो. २०१४ नंतर त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली : "ते सोन्याच्या शर्टवाले तुमच्याच गावचे ना?" हो, आमच्याच. येवल्याचे व्यावसायिक पंकज पारख यांनी आपल्या ४५ व्या वाढदिवसासाठी सोन्याचा शर्ट बनवून घेतला. वजन चार किलोंच्या आसपास, १ ऑगस्ट २०१४ रोजीची किंमत ९८,३५,०९९ रुपये, आणि गिनीज बुकात नोंद! सोबत सुरक्षारक्षक असतात, असंही तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

आमच्या हॉस्टेलवरच्या पोरांकडे सोनं असतं, रक्षक मात्र नसतो. त्यावरच हा लेख.

माझा रूम पार्टनर कबड्डी खेळतो. चढाईला एक नंबर. तो विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या वडिलांनी कांद्याच्या पैशातून त्याला दीड तोळ्याची चेन केली. २००५ च्या सुमारास तोळा सात हजारांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेला, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. तो चेन मुद्दाम टी-शर्टच्या बाहेर ठेवायचा. आम्हीही त्याला "शेठ" म्हणायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा.

चेन गेली ती कुणी गळ्यातून ओढून नाही. दुसऱ्या एका कॉलेजच्या मैदानावर सामना होता. कबड्डीत अंगावर दागिना चालत नाही, पंच सामन्याआधी बघतात. त्याने चेन काढली, मोज्यात गुंडाळली, मोजा बुटात आणि बूट बॅगेत. चाळीस मिनिटांचा खेळ, मधली विश्रांती धरून पाऊण तास. परत आलो तर बूट होता, मोजाही होता.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे जरा इंजिनियरच्या नजरेने बघायला लागलो. दागिन्याला धोका कधी असतो? आपल्याला वाटतं गळ्यात असताना. खेळाडूच्या बाबतीत तो जास्त असतो दागिना काढल्यानंतर. फुटबॉलच्या चौथ्या नियमात सगळे दागिने बंद आहेत, वर चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाहीत. बास्केटबॉलमध्येही तेच. (क्रिकेटमध्ये अशी सरसकट बंदी नाही, म्हणून तर टीव्हीवर जाडजूड चेनी दिसतात आणि आपल्याला हौस येते.) म्हणजे आपण आठवडाभर कॅन्टीनसमोर चेन मिरवतो आणि ती आपल्याकडे आहे हे शंभर जणांना दाखवतो. मग स्पर्धेचं टाइमटेबल नोटीस बोर्डवर लागतं, आणि त्याच शंभर जणांना कळतं की अमुक दिवशी, अमुक वाजता, ती चेन गळ्यात नसेल आणि तिचा मालक मैदानाच्या मधोमध असेल. चोराला आणखी काय पाहिजे?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन फुटबॉलमधले दोन मोठे खेळाडू, पॅट्रिक माहोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी, यांची घरं लागोपाठ फोडली गेली. डिसेंबरमध्ये जो बरो टेक्सासमध्ये सामना खेळत होता आणि तिकडे त्याचं घर फुटलं. ज्याचा सामना अख्खा देश थेट बघतोय तो घरी नाही, हे शोधून काढायला हेर लागत नाही! आपल्याकडे घराच्या जागी किटबॅग, एवढाच फरक.

आता गळ्यातल्या चेनबद्दल. रात्री मेसवरून आल्यावर आम्ही एकदा याचं गणितच मांडलं, स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचा पेपर तोंडावर होता म्हणून. शुद्ध मऊ सोन्याची ताणशक्ती साधारण १२० मेगापास्कल. २२ कॅरेटमध्ये तांबं-चांदी असल्याने ती वाढते, दुप्पट धरू. कडीची तार अर्धा मिलिमीटर जाडीची असेल तर छेदाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिलिमीटर. तिला तोडायला ४७ न्यूटन लागतील. कडीला दोन बाजू, म्हणजे ९४ न्यूटन, साडेनऊ किलोचा भार. आणि हुक तर त्याच्या आधीच उघडतो. मोटरसायकलवरून जाणाऱ्याच्या हाताला हे काहीच नाही. चेन जाते, मान थोडी ओरखडते.

पण आमच्या पोरांना बारीक चेन नको असते, दोरखंड पाहिजे असतो. तार दीड मिलिमीटरची केली तर व्यास तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट, आणि तोच भार पंच्याऐंशी किलोंवर जातो. म्हणजे आता आधी चेन तुटणार नाही, आधी माणूस पडेल. सकाळी सहाला हायवेच्या कडेने धावायला जाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि हो, "माझी वन ग्रॅमची आहे" म्हणणाऱ्यांनीही! पाठीमागून येणारा कस लावून बघत नाही, तो आधी ओढतो.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण आमची तिथे फजिती झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात अंगावरून हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. राहत्या जागेतून, म्हणजे आपल्या रूममधूनसुद्धा, चोरी झाली तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. तक्रार ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. आम्हाला विचारलं, चेनची खूण काय? आम्ही म्हणालो, "पिवळी आहे." हसू नका, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर असावाच लागतो. तो बारीक असतो, भिंगातून दिसतो, बीआयएस केअर या ॲपवर टाकून तपासता येतो. बिल गावाकडे कपाटात होतं आणि नंबर आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता. अर्थात सोनं वितळवलं की नंबरही वितळतो, त्यामुळे धावपळ पहिल्या दिवशीच करायची असते. आमचा पहिला दिवस दुसऱ्याच कामात गेला.

ते काम लिहायला जड जातंय. बॅगांजवळ त्या दिवशी आमचा एक ज्युनियर बसला होता. फर्स्ट इयरचा, राखीवमध्येही नाव नव्हतं, पाणी द्यायला हौसेने आलेला. सगळ्यांचं बोट त्याच्याकडे गेलं. बसमध्ये त्याची बॅग उलटी केली. उलटी करणाऱ्यांत मी होतो. एक टॉवेल, अर्धा पारले-जीचा पुडा आणि आईने दिलेली चटणीची बाटली निघाली. चटणी सांडली. तो काही बोलला नाही, खाली वाकून पुसत राहिला. पुढे कळलं की तो मधल्या वेळात पाणी भरायला नळावर गेला होता, आमच्याच कॅप्टनने पाठवलं होतं. चेन काही मिळाली नाही. तो पोरगा पुन्हा ग्राउंडवर आला नाही.

आता आमच्या टीमने मेसवाल्या काकूंकडून एक जुना पत्र्याचा डबा घेतलाय, त्याला कडी-कुलूप बसवलंय. सामन्याआधी चेन, अंगठ्या, घड्याळं, मोबाइल सगळं त्यात; वहीत नाव आणि सही; डबा गुणलेखकाच्या टेबलाखाली. सर म्हणतात, "सोनं आणूच नका ना." सरांचं बरोबर आहे, पण वडिलांनी घातलेली चेन पोरगा गावाहून येताना काढून ठेवत नाही, हेही खरं. रूम पार्टनरच्या गळ्यात सध्या आईने बांधलेला काळा दोरा आहे. परवा पंचांनी तोही काढायला लावला. दोराही डब्यात, वहीत नोंद करून.

डब्याची किल्ली त्या ज्युनियरकडे द्यायची असं सगळ्यांचं ठरलं होतं. मी त्याच्या रूमवर गेलो, सॉरी म्हणालो, किल्ली पुढे केली. त्याने घेतली नाही. "भाऊ, मला त्यात नका घेऊ," एवढंच म्हणाला आणि पुन्हा ड्रॉइंग शीटवर वाकला. किल्ली सध्या माझ्याकडे आहे.