वाघ्याचे दात

‘दात कोरून पोट भरत नाही’ ही म्हण आपण कंजूष माणसाला उद्देशून वापरतो. पण दात दुखू लागला की पुढ्यात भरलेले ताट असूनही पोट भरत नाही, हे दाढदुखीचा अनुभव घेतलेल्या कोणालाही पटेल. माणसाला निदान ‘दाढ दुखते’ असे म्हणता येते. मुक्या जनावराला तेही म्हणता येत नाही. वार्षिक अंकासाठी मी कुत्र्याच्या दातांवर लिहिणार असे सांगितले तेव्हा वर्गात हशा पिकला. ‘तुला दुसरा विषय सुचला नाही का?’ असे मैत्रिणींनी विचारले. त्यांना तेव्हा जे सांगितले तेच येथे प्रथम सांगते.

आमचे घर मेंढपाळाचे. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दिवाळी झाली की आबा मेंढरे घेऊन घाटाखाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वाड्याची राखण वाघ्याकडे. रात्री लांडग्याची चाहूल पहिल्यांदा त्यालाच लागते. गेल्या पावसाळ्यात वाघ्याने भाकरी टाकली. तोंडातून लाळ गळू लागली. आबा म्हणाले, “हाडूक अडकलं आसंल,” आणि त्यांनी सरळ त्याच्या जबड्यात हात घातला. हाडूक सापडले नाही, पण दात लागून बोट मात्र खरचटले. चार दिवसांनी वाघ्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली, तेव्हा आम्ही त्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी वाघ्याकडे पाहण्याआधी आबांच्या बोटाकडे पाहिले. “कुत्र्याला पिसाळीची लस टोचली आहे का?” त्यांनी विचारले. टोचलेली नव्हती. “मग कुत्र्याचं मागून बघू. आधी तुम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घेऊन या,” असे म्हणून त्यांनी आबांना पाठवून दिले. मेंढरे दुसऱ्याच्या हवाली करून आबांना त्या सुयांसाठी हेलपाटे घालावे लागले. वाघ्या पिसाळलेला नव्हता. त्याची दाढ मोडून मुळाशी पू झाला होता. पण लाळ गळणारे, जबडा लोंबणारे, घास न गिळणारे कुत्रे पिसाळलेलेही असू शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून आणि ग्रंथालयातील पुस्तके चाळून मी जे समजून घेतले, ते आता क्रमाने मांडते.

मोठ्या माणसाला बत्तीस दात असतात, तर मोठ्या कुत्र्याला 42. पिलाचे दुधाचे दात 28 असून ते सहा-सात महिन्यांपर्यंत पडून कायमचे येतात. 42 पैकी 12 पटाशीचे, 4 सुळे, 16 उपदाढा आणि 10 दाढा. आपला जबडा जात्यासारखा आडवाही फिरतो; कुत्र्याचा मुख्यतः वरखाली होतो. वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या दोन पात्यांप्रमाणे एकमेकींवर घासून मांस कापतात. वाघ्याची मोडलेली दाढ हीच वरची होती. तिची मुळे डोळ्याखालच्या हाडापर्यंत जातात. म्हणून दुखणे दातात असले तरी सूज डोळ्याखाली येते, आणि आपण डोळ्याला काटा लागला असे समजून डोळ्यावर औषध घालत बसतो.

आता दात घाण कसे होतात ते पाहू. खाणे झाल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसू लागतो. तो बोटानेही पुसून निघतो. पण तो तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात साचून काही दिवसांत तो दगडासारखा होतो. यालाच आपण किटण म्हणतो. पाणी तापवण्याच्या बंबाला आतून क्षारांचे पांढरे पुट चढते, तोच हा प्रकार. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याच्या दातांना आपल्यासारखी कीड क्वचित लागते, पण किटण मात्र भराभर धरते. लाळेची एक मोठी नळी वरच्या त्या कात्री-दाढेजवळच उघडते. म्हणून किटण सर्वांत जास्त तेथेच दिसते.

खरे नुकसान दिसणाऱ्या किटणाने होत नाही, हिरडीखाली शिरलेल्या जंतूंनी होते. हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते; आतले हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. तीन वर्षांवरील कुत्र्यांमध्ये हा रोग फार आढळतो. तोंडाला घाण वास येणे हे त्याचे पहिले लक्षण होय. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ असे म्हणून आपण ते सोडून देतो, ही आपली पहिली चूक.

दुसरी चूक हाडांची. ‘कुत्रा हाडे चघळतो, त्याचे दात आपोआप स्वच्छ होतात,’ असा आमच्याकडेही समज होता. यात थोडे तथ्य आहे. चघळल्याने दातावरचा मऊ थर घासला जातो आणि लाळ सुटते. परंतु कुत्र्याच्या दातावरचे कठीण आवरण माणसाच्या दातापेक्षा पातळ असते. जनावराच्या मांडीचे जाड हाड, शिंग, खूर किंवा दगड चावताना नेमकी तीच कात्री-दाढ फुटते. रानातल्या मांसाहारी जनावरांच्या कवट्या तपासल्या तर त्यांतही झिजलेले आणि मोडलेले दात सापडतात. म्हणजे निसर्गातले जनावर दातांच्या दुखण्यातून सुटलेले असते असेही नाही. शिजवलेले हाड तर आणखी वाईट. शिजल्यावर ते ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. जत्रेच्या जेवणानंतर वाघ्यापुढे पडणारी हाडे हीच.

मग करावे काय? नैसर्गिक उपायांत सर्वांत भरवशाचा उपाय अगदी साधा आहे: तो चिकट थर किटण होण्याआधी रोज पुसून काढणे. मऊ ब्रश असल्यास उत्तम. नसेल तर स्वच्छ सुती फडके ओले करून बोटाला गुंडाळावे, कुत्र्याचा ओठ अलगद वर उचलावा आणि दातांच्या बाहेरच्या बाजूवरून, हिरडीच्या कडेने फिरवावे. आतली बाजू जीभ बरीचशी पुसते. जबडा पूर्ण उघडण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी नुसता ओठाला हात लावावा, दुसऱ्या दिवशी एखादा दात पुसावा, अशी हळूहळू सवय लावावी. पिलू लहान असतानाच सुरुवात केली तर ते खेळ समजून करू देते. हे फक्त आपल्या, माणसाळलेल्या आणि लस टोचलेल्या कुत्र्याच्या बाबतीत. जे कुत्रे गुरगुरते किंवा ज्याचे तोंड दुखते आहे, त्याच्या वाट्याला जाऊ नये.

चघळायला द्यायचे असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवावी. अंगठ्याचे नख दाबून पाहावे; नख मुळीच रुतत नसेल तर ती वस्तू त्याच्या दाताला फार कठीण. कच्च्या गाजराचा मोठा तुकडा चालतो; घासण्याचे काम तो थोडेबहुत करतो. मात्र पुसण्याची जागा तो घेऊ शकत नाही. आमचा वाघ्या ताकात कुस्करलेली भाकरी खातो. असे मऊ अन्न दातांना चिकटते आणि घासत काहीच नाही, म्हणून त्याचे दात पुसणे अधिकच गरजेचे.

आता काय करू नये ते. माणसाची टूथपेस्ट कुत्र्याला लावू नये. त्याला चूळ भरता येत नाही, तो सगळे गिळतो. पेस्टमधील फ्लोराइड पोटात जाणे वाईट, आणि काही पेस्टमध्ये असणारा झायलिटॉल हा गोड पदार्थ तर कुत्र्याला विषच आहे. आमची आजी मिश्री लावते. तिने एकदा प्रेमाने वाघ्यालाही लावू पाहिली होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तंबाखू कुत्र्याला विषारी. राखुंडी व कोळशाची पूड दाताचे आवरण खरवडतात. कडुनिंबाच्या काडीचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आपण काडी चावून तिचा कुंचला करतो आणि त्या कुंचल्याने दात घासतो. काम होते ते घासण्याने. कुत्रा काडीचे तुकडे करतो, आणि त्याचे कूस हिरडीत शिरते.

एकदा किटण चढले की कोणत्याही पाल्याने किंवा तेलाने ते उतरत नाही. चाकूच्या टोकाने खरवडणारेही मी पाहिले आहेत. त्याने हिरडीखालची घाण तशीच राहते आणि दाताला चरे पडून नवे किटण अधिक घट्ट बसते. हे काम भूल देऊन डॉक्टरांनीच करायचे असते. तोंडाचा वास, हिरडीचे रक्त, एकाच बाजूने चावणे, पंजाने तोंड घासणे, डोळ्याखालची सूज, यांपैकी काहीही दिसले की दवाखाना गाठावा.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात, मग ते घरचे का असेना, हात घालू नये. चुकून दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. पिसाळीची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. लस वेळेवर घेतली तर हा मृत्यू टळतो. लुई पाश्चरने 1885 साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले, तेव्हापासून हा मार्ग माणसाला मोकळा झाला आहे. आमच्या वाड्यावर तो पोचायला मात्र वाघ्याची दाढ दुखावी लागली.

डॉक्टरांनी भूल देऊन वाघ्याची ती दाढ काढली. आता तो डाव्या बाजूने का होईना, भाकरी खातो. त्याला लस टोचून झाली आहे. मी सुट्टीत घरी गेले की त्याचे दात पुसते. मी नसते तेव्हा आबा पुसतात. पहिल्यांदा ते म्हणाले होते, “कुत्र्याचं दात धुवायला पोरीला कॉलेजात घातली व्हय?” परवा मात्र शेजारच्या वाड्यावरच्या काकांना ते वाघ्याचा ओठ उचलून दाखवत होते आणि नखाची खूण समजावून सांगत होते. आपणही सुट्टीत गावी जाल तेव्हा दारातल्या राखणदाराला लस टोचली आहे की नाही तेवढे विचारा, आणि टोचली असेल तर एकदा त्याचा ओठ उचलून पाहा, एवढी विनंती करून लेख पुरा करते.

— द्वितीय वर्ष, कला