उघड्या होडीतील होकायंत्र

अलिबागच्या किनाऱ्यावरून निघालेल्या उघड्या होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच असतात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या उंचीवरून क्षितिज केवळ साडेतीन किलोमीटरांवर येऊन ठेपते. पावसाची दाट सर आली म्हणजे तेवढेही दिसत नाही. मग दिशेचा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

या प्रश्नाचे जुने आणि अद्यापही भरवशाचे उत्तर म्हणजे होकायंत्र होय. त्यास विजेची गरज नसते. मात्र लोखंडी नांगर, इंजिन, फार काय ध्वनिवर्धकातील चुंबकदेखील त्याच्या सुईला विचलित करतात. चुंबकसूची किती हळवी असते, याची साक्ष अलिबागेसच मिळते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच, त्यांच्या विद्युत्प्रवाहाने वेध बिघडतील म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध घेण्याचे काम १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागेस नेण्यात आले. शहराला जे करावे लागले, तेच होडीत हातभर अंतरावर करावयाचे असते. होकायंत्र लोखंडापासून दूर बसवावे, आणि किनाऱ्यावरील ओळखीच्या खुणांशी ते पडताळून पाहावे. एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू करून. पाच अंशांची चूक बारा सागरी मैलांत होडीला सुमारे एक मैल बाजूस नेते. रात्री खांदेरीच्या खडकांजवळ ही चूक थोडी नव्हे. विकत घेताना द्रव भरलेलेच घ्यावे. कोरड्या यंत्राची सुई लाटांवर स्थिरावत नाही.

उपग्रहांच्या साह्याने चालणारे यंत्र स्थान काही मीटरांपर्यंत अचूक सांगते. परंतु उभ्या होडीची नाळ कोणीकडे वळली आहे, हे केवळ स्थानावरून कळत नाही. शिवाय त्याचा विद्युत्घट संपतो. म्हणून दोन्ही साधने जवळ असावीत.

जीवरक्षक जाकीट फळीखाली ठेवून उपयोगी पडत नाही. ते अंगातच हवे, व शिट्टी त्याला बांधलेली. किनाऱ्यापासून काही मैलांवर भ्रमणध्वनी मुका होतो. तेथे उपग्रहाकडे संकटसूचना धाडणारे यंत्रच कामी येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने मच्छीमारांसाठी २०२४ साली आणलेल्या अशा यंत्राच्या दुसऱ्या पिढीत, सूचना पोहोचल्याची पोच होडीवर परत मिळते. बुडती होडी सोडून जाण्याचा मोह माणसाला अशाच वेळी होतो. ती पोच त्यास थांबण्याचे बळ देते.

राहिली बालदी. ती दोरीने होडीलाच बांधावी.