गोवंडीच्या बायोडेटात काय लिहायचं राहतं

मुंबईतल्या गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या भागात नोकरीसाठी लागणारा कागद बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. दुकानदाराकडे साचा असतोच. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. नाव-पत्ता बदलला की नवा बायोडेटा हातात. त्यावरून मुलाच्या घरादाराची माहिती कळते. त्याला काम काय येतं, हे मात्र कळत नाही.

बायोडेटा आणि रेझ्युमे एकच, हा पहिला गैरसमज इथूनच सुरू होतो. बायोडेटा माणसाची ओळख सांगतो, रेझ्युमे त्याच्या कामाची. खासगी नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय, धर्म, वजन-उंची यांची सहसा काहीच गरज नसते. आधार आणि पॅनचे क्रमांक तर मुळीच लिहू नयेत. ते नोकरी पक्की झाल्यावर द्यायचे असतात. रेझ्युमे किती हातांतून फिरेल हे सांगता येत नाही.

जात-धर्माचा रकाना गाळण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गोवंडीसारख्या वस्तीत फार महत्त्वाचं आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लीम. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. कंपनीकडून होकारार्थी उत्तर येण्याचे 'ऑड्स' (उत्तर येणं आणि न येणं यांचं गुणोत्तर) उच्चवर्णीय नावासाठी १ धरले, तर दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लीम नावासाठी ०.३३ निघाले. म्हणजे 'रेझ्युमे चांगला असला की नोकरी मिळतेच' हाही गैरसमजच. दहा ठिकाणांहून उत्तर आलं नाही, तर दोष दर वेळी उमेदवाराच्या कागदात असतो असं नाही. नाव कुणी लपवू नये. पण ज्या माहितीचा कामाशी संबंध नाही आणि जिच्यावरून डावललं जाऊ शकतं, ती आपण होऊन का पुरवायची?

पत्त्याचंही तसंच. गोवंडीऐवजी शेजारचं चेंबूर लिहिण्याचा सल्ला इथल्या मुलांना हमखास मिळतो. पण खोटा पत्ता कागदपत्रं तपासताना उघडा पडतो. खोली नंबर, चाळ, गल्ली हे सगळं रेझ्युमेत लागतच नाही. 'मुंबई ४०००४३' एवढं पुरतं आणि ते खरंही असतं.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज म्हणजे 'मला अनुभव नाही'. पगाराची पावती नाही, नेमणुकीचं पत्र नाही, म्हणून अनुभव नाही, असं धरून चालतात. समजा, एक तरुण बारावीनंतर तीन वर्षं जरीच्या कारखान्यात बसला. अड्ड्यावर (लाकडी चौकटीवर) कापड ताणणं, खाका (नक्षी) उतरवणं, आरीनं (आकड्याच्या सुईनं) मणी-टिकल्या भरणं, किती जर लागेल याचा अंदाज घेणं, लग्नसराईत तारखेला माल देणं, दोन नव्या कारागिरांना शिकवणं, हे सगळं त्यानं केलं. तो बायोडेटात काय लिहितो? 'अनुभव : नाही.' किंवा फार तर 'जरीकाम येते.' तेच असं लिहिता येतं : 'तीन वर्षं आरीकाम. ब्लाउज व लेहंग्यावरील भरतकाम. खाका उतरवणं, कच्च्या मालाचा हिशेब, दोन नव्या कारागिरांना शिकवलं.' यात एकही शब्द फुगवलेला नाही. कपड्यांच्या निर्यात कंपनीत नमुने तपासणाऱ्याची जागा असेल, तर ती भरणाऱ्याला नेमकं हेच वाचायचं असतं.

१९२७ पासून असलेल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडमुळे या भागात भंगाराचा मोठा धंदा उभा राहिला. प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन तो कोणत्या जातीचा हे ओळखणारी माणसं इथं आहेत. रीसायकलिंगच्या कारखान्यात त्याच कामाला मालाची प्रतवारी म्हणतात. बचत गटाचं वहीखातं सांभाळणाऱ्या बाईनं 'गृहिणी' एवढंच का लिहावं? किती सदस्य, किती वर्षं, बँकेचे व्यवहार कोण बघायचं, हे लिहिलं की हिशेबाचा अनुभव समोर येतो.

पण सर्टिफिकेट कुठाय, हा पुढचा प्रश्न. शिकलेल्या हाताची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी योजनेत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' नावाचा भाग आहे. त्यात आधीपासून येत असलेल्या कामाचं मूल्यमापन होतं. हातानं भरतकाम करणाऱ्यासाठी 'हँड एम्ब्रॉयडरर' अशी कामाची वेगळी भूमिका (जॉब रोल) ठरवलेली आहे. केंद्र आणि बॅच कुठं चालू आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर : हे शब्द भरले की रेझ्युमे वजनदार होतो, असंही वाटतं. अमेरिकेतल्या 'लॅडर्स' या नोकरीविषयक कंपनीनं २०१८ मध्ये नोकरभरती करणाऱ्यांची नजर कुठं फिरते ते यंत्रानं टिपलं. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळाले. एवढ्या वेळात नजर ठळक मथळे आणि हुद्द्यांवरून जाते. विशेषणांवर ती थांबत नाही. 'कॉम्प्युटर येतो' यापेक्षा 'एमएस-सीआयटी. एक्सेलमध्ये रोजची स्टॉक-नोंद' जास्त सांगतं. नवख्यानं एकच पान करावं.

मशीनच रेझ्युमे फेकून देतं, ही भीती अर्धी खरी आहे. मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर अर्ज साठवतं, त्यातले शब्द वेगळे काढतं, आणि भरती करणारा माणूस त्यात टॅली, वेल्डिंग, फोर्कलिफ्ट असं शोधतो. जाहिरातीतला शब्द आपल्याला खरोखर लागू असेल, तर तो तसाच लिहावा. दोन रकाने, चौकटी, रंगीत चित्रं यांनी काही सॉफ्टवेअर गोंधळतात. साधी मांडणी बरी. किराणा दुकान किंवा वर्कशॉपच्या जागेसाठी मात्र कागद सरळ मालकाच्या हातात जातो, तिथं हा विचार करायला नको.

राहिला फोन नंबर. घरात एकच मोबाइल असेल आणि तो दिवसा भावाकडे जात असेल, तर रेझ्युमेवर दोन नंबर द्यावेत, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर काय बोलायचं, निरोप कुठं लिहून ठेवायचा, हे घरच्यांना सांगून ठेवावं.