दान, साखळी आणि करुणा

रुग्णाची सेवा हे पुण्यकर्म होय, याविषयी बहुतेक धर्मांत एकवाक्यता आहे. परंतु ज्याचे चित्तच आजारी आहे, त्यास रुग्ण मानावयाचे की अपराधी, या प्रश्नाचे उत्तर द्यावयास समाजाला फार काळ लागला. इंग्लंडमधील दोन धर्मादाय संस्थांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

लंडन येथे १२४७ साली बेथलेम या धर्ममठाची स्थापना झाली. पुढे तेथे मनोरुग्णांना आश्रय मिळू लागला. १४०३ सालच्या तपासणीत तेथे सहा वेडे पुरुष आढळले. त्यांच्यासोबत अकरा साखळ्या, सहा कुलुपे आणि हातकड्यांचे चार जोड यांचीही नोंद झाली. अठराव्या शतकात तर या रुग्णांना पाहणे ही लोकांची करमणूक झाली होती. १८१४ साली तेथे नॉरिस नावाचा रुग्ण लोखंडी पट्ट्यांनी खांबाला जखडलेला आढळला. सुमारे दहा वर्षे तो त्याच अवस्थेत होता. दानाने डोक्यावर छप्पर दिले आणि त्याच छपराखाली साखळीही दिली.

यॉर्क शहरात १७९० साली हॅना मिल्स ही क्वेकर पंथीय स्त्री तेथील वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिची भेटही नाकारण्यात आली होती. या घटनेने व्यथित होऊन चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी पुढाकार घेतला आणि १७९६ साली ‘रिट्रीट’ सुरू झाले. तेथे साखळ्यांना थारा नव्हता. बागकाम, शिवणकाम, फिरणे आणि सौजन्यपूर्ण संभाषण हेच उपचार होते. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, परंतु त्या लाकडी भासाव्यात अशी योजना होती. हिंसक रुग्णास प्रसंगी बांधावे लागे, हेही खरे. तथापि तो नियम नव्हता, अपवाद होता.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे विनयपिटकातील गग्ग भिक्षूचे स्मरण होते. तो उन्मत्त होता. उपोसथाचे त्यास कधी स्मरण राही, कधी राहत नसे. भगवान बुद्धांनी त्यास दंड सांगितला नाही. संघाने त्याच्या अवस्थेस रीतसर संमती द्यावी, अशी अनुज्ञा दिली. बरा झाल्यावर उन्मादातील कृत्यांबद्दल इतर भिक्षू त्यास दोष देऊ लागले, तेव्हा ‘अमूळ्हविनय’ या विधीने तो दोषमुक्त ठरला. हे कृत्य जाणत्या चित्ताचे नव्हते, हा त्यामागील विचार.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा साखळी तोडू शकतो, दृष्टी देऊ शकत नाही. प्रज्ञेवाचून केलेले दान रुग्णास कोंडून ठेवते; प्रज्ञेसह आलेली करुणा त्याच्यातील माणूस ओळखते. आपल्या घरी, आपल्या वस्तीत असा कोणी असेल, तर त्याच्याशी आपले वर्तन कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.