एका फ्लॉपीत मावणारा कर्नेल

लॅमिंग्टन रोडवर एकेकाळी अप्सरा आणि मिनर्व्हाच्या तिकिटांसाठी रांगा लागायच्या. पुढे गिरगाव-परळची पोरं याच रस्त्यावर रॅम, मदरबोर्ड, कॅबिनेट असं सुटंसुटं घासाघीस करून घेऊ लागली आणि घरी असेंबल्ड पीसी उभा राहू लागला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण म्हणतं कोण?) त्या काळातले ४८६ प्रोसेसरचे कितीतरी पीसी आज माळ्यावर पडून असतील. ते बिघडलेत असं नाही, आजच्या सॉफ्टवेअरचं ओझं त्यांना पेलत नाही. आणि हे ओझं उतरवता येतं!

अशा ४८६ची ४ एमबी मेमरी म्हटली की आज हसू येतं. पण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची मेमरी २०४८ शब्दांची होती, शब्द ४० बिटांचा. म्हणजे जेमतेम १० केबी. आपल्या ४८६कडे त्याच्या चारशेपट आहे.

ओझं उतरवायचं ते कर्नेलपासून. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी वाटायची, डिस्कशी बोलायचं, कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा हे सगळं तोच बघतो. लिनक्सच्या सोर्समध्ये ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ म्हटलं की निळ्या पडद्यावर हजारो पर्याय हजर होतात. ब्लूटूथ? नको. यूएसबी? नको. वेबकॅम? अहो, कुठला वेबकॅम! जे ठेवायचं ते कर्नेलमध्येच भरता येतं किंवा मॉड्यूल म्हणून डिस्कवर वेगळं ठेवता येतं. पण डिस्कचा ड्रायव्हरच डिस्कवर ठेवला, तर किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं. तो आतच हवा.

‘मेक टायनीकॉन्फिग’ तर जवळपास सगळंच कापून टाकतं. मग कर्नेल सुरू होतो, पण पडद्यावर अक्षर उमटत नाही, कारण छापायची सोयसुद्धा गेलेली असते. तिथून एकेक गोष्ट परत घ्यायची.

मला थक्क करतो तो गणिताचा पर्याय. ४८६ एसएक्समध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भाग चालू नसतो. प्रोग्रॅमने तसं गणित सांगितलं की प्रोसेसर अडतो आणि कर्नेलला हाक मारतो. कर्नेल तेच गणित पूर्णांकांच्या लहान लहान पायऱ्यांनी सोडवून उत्तर जागेवर ठेवतो. वेळ लागतो, पण प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही!

कर्नेल दाबून बसवण्याच्या पद्धतीही निवडता येतात. एक्सझेड लावलं तर फाइल लहान होते आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायची आशा वाढते, पण उलगडताना जुना प्रोसेसर घाम गाळतो. कर्नेल बनवायचं काम मात्र नव्या लॅपटॉपवरच करावं. ४८६वर ते फार रखडतं.

३८६वाल्यांचं दुखणं वेगळं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहिला तो ३८६साठीच, आणि २०१३च्या ३.८ आवृत्तीत त्याच ३८६चा आधार काढून टाकला गेला. त्यांनी जुनी आवृत्ती घ्यावी. त्याहून जुन्या ८०८६साठी एल्क्स नावाचा छोटा कर्नेल आहे, तो ३६० केबीच्या फ्लॉपीवरूनही सुरू होतो.

तेव्हा माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा उघडून बघा. मदरबोर्डवर निळी, दंडगोल बॅटरी दिसली तर ती आधी काढा. ती गळली की तांब्याच्या रेघा खाते, आणि मग कितीही हलका कर्नेल आणलात तरी उपयोग नाही.