जंक्शन लक्ष्य, मग वस्तीचे काय?

१८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली. पुढे इथूनच कसारा आणि कर्जतचे फाटे फुटले. दुसऱ्या महायुद्धात शेजारी लष्करी छावणी उभी राहिली, नेवाळीला धावपट्टी झाली. अंबरनाथला आयुध कारखाना आहे. शत्रूच्या नकाशावर ही सारी लष्करी ठिकाणे; मधल्या चाळींतली माणसे त्या नकाशात दिसत नाहीत.

मार्च १९४५ मध्ये टोकियोवरच्या बॉम्बफेकीत हाच हिशेब लावला गेला. कारखाने वस्तीत विखुरलेले आहेत, म्हणून वस्तीच जाळली. एका रात्रीत सुमारे १ लाख माणसे गेली. याला लष्करी गरज म्हणणे मला मान्य नाही.

जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ५१ नेमके हेच रोखते: शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणे एकच लक्ष्य धरून सरसकट बॉम्बफेक करायची नाही. भारत आणि पाकिस्तान, दोघेही या प्रोटोकॉलचे पक्षकार नाहीत. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार मात्र दोघांनी १९८८ मध्ये केला. दर १ जानेवारीला त्या ठिकाणांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. शहरांसाठी तशी यादी नाही.